एकोणीस सोमवारांचं व्रत

ठण्णऽऽऽ...

घाबरू नका, माईक बिघडलेला नाही. हा आवाज मी तोंडाने काढला. सत्तर-एकाहत्तर वर्षांपूर्वी पाटी काखेत मारून मी या आवारात पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा समोरच्या कडुनिंबाला टांगलेल्या काशाच्या थाळीतून हा आवाज निघाला होता. माझ्या कानात तो अजून पुरता विझलेला नाही. या शाळेत कुठलंही कार्य घंटेवाचून सुरू होत नाही. आज सकाळपासून वीज नाही, म्हणजे विजेची घंटा मुकी. माईक तेवढा बॅटरीवर चालतो. तेव्हा म्हटलं, आपणच वाजावं.

तर, आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षण संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय पंजाबरावजी. अकराच्या गाडीकडे कान लावून बसलेले प्रमुख पाहुणे, सन्माननीय केंद्रप्रमुख साहेब. 'उत्कृष्ट क्षेत्रभेट पुरस्कारा'चे मानकरी, आपले मुख्याध्यापक उत्तमराव सर. व्यासपीठावर खुर्ची कमी पडली म्हणून स्टुलावर बसलेले आजचे निरोपमूर्ती, आपल्या शाळेचे शिपाई किसनराव. पहिल्या रांगेतल्या त्यांच्या सौभाग्यवती पंचफुलाबाई. शिक्षक बंधू-भगिनींनो, कोलदरीच्या ग्रामस्थांनो, आणि सतरंजीवर बसून भाषणाकडे कान व पेढ्यांकडे डोळे लावलेल्या माझ्या बालमित्रांनो...

नव्या मुलांसाठी सांगतो. मी भागवत गुरुजी. याच शाळेत शिकलो, याच शाळेत मराठी शिकवलं आणि एकोणीस वर्षांपूर्वी याच व्यासपीठावरून शाल-नारळ घेऊन उतरलो. तरी अधूनमधून मला बोलावतात. बोलावलं नाही तरी मी येतो, म्हणून असेल.

आज एकाच मांडवात दोन कार्यं आहेत. एक सत्कार, एक निरोप. मागचा फलक पाहा. त्यावर उत्तमराव सरांचा फोटो आहे, वर्गाच्या दारापेक्षा किंचित लहान. किसनरावांचाही आहे. खाली उजव्या कोपऱ्यात, फलक छापणाऱ्याच्या मोबाईल नंबराच्या वर, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मघाशी चष्मा पुसून पाहिलं तेव्हा ओळख पटली. त्यांना शाळेतर्फे भेट काय, तर भिंतीवरचं घड्याळ! अडतीस वर्षं ज्या माणसाने अख्ख्या कोलदरीला वेळ सांगितली, त्याला निरोपाच्या दिवशी घड्याळ! सेलसकट दिलंय, एवढं मात्र संस्थेच्या बाजूने बोललं पाहिजे.

रागावू नका, पंजाबरावजी. म्हाताऱ्याला पहिली दहा मिनिटं वाकडं बोलू द्यावं, मग तो आपोआप रडायला लागतो.

त्या काशाच्या थाळीबद्दल थोडं सांगतो, कारण आजचं सगळं तिच्याभोवतीच फिरतंय. पूर्वी ती अंजनगडाच्या दरवाजावर टांगलेली असे आणि प्रहराप्रहराला तिच्यावर टोला पडे, असं आमचे आजोबा सांगत. गड ओस पडला तेव्हा कोणीतरी बैलगाडीत घालून ती कोलदरीला आणली. खरं-खोटं तो गड जाणे. शाळा निघाली तशी ती कडुनिंबाला आली. किसनराव बाविसाव्या वर्षी शिपाई म्हणून लागले, ते पहिल्याच आठवड्यात तिच्या खोडी ओळखून बसले. टोला मधोमध मारायचा नाही, काठापासून चार बोटं आत. चिंचेच्या लाकडाची मोगरी, तिला सुती चिंधी गुंडाळलेली. शाळा भरल्याचा टोला कोरडा, करकरीत. सुट्टीचा टोला असा, की फळ्यावरच्या खडूलाही घरी जावंसं वाटावं. वारा असला तर धाड गावाच्या रस्त्यावरची माणसं म्हणत, सुटली बरं कोलदरीची शाळा.

माझा कवितेचा तास शेवटचा असे. तेव्हा कविता चालीवर म्हणत. हल्ली त्या मोबाईलवर ऐकवतात, मुलं ऐकतात, मोबाईल म्हणतो. एखादं कडवं उरलेलं असायचं, चाळीस गळे एका सुरात लागलेले असायचे आणि खिडकीतून मला किसनराव दिसायचे. हात वर, मोगरी वर, पण खाली येत नसे. कडवं संपलं, शेवटचं यमक जुळलं, की मग ठण्णऽऽ. त्या काळात आमची शाळा रोज दोन मिनिटं उशिरा सुटायची. वर कोणाच्या लक्षात आलं नाही. आता लगेच आलं असतं. आता शाळा सुटल्याचाही फोटो पाठवावा लागतो.

किसनराव, मान खाली घालू नका. तुमचं कौतुक चाललंय, फलकावर झालं नाही म्हणून तोंडी करतोय.

मग ती थाळी गेली कुठे? तर मुलांनो, ती मी घालवली. हो, मीच. एकोणीस वर्षांपूर्वी निवृत्त झालो, हाताला काम उरलं नाही, आणि काम नसलेल्या मराठीच्या मास्तराएवढं धोकादायक दुसरं काही नसतं. मी लेख लिहिला. खामगावच्या एका साप्ताहिकाने तो छापला. 'अंजनगडाचा मुका साक्षीदार' असं मथळ्याला नाव. मुका कशाला म्हटलं, देव जाणे. रोज आठ वेळा बोलणारी वस्तू ती! पण मथळा लिहिताना लेखणीला भरती आली होती. त्या लेखात मी थाळीला चार राजवटी दाखवल्या, दोन वेढे दाखवले. शेवटी 'या अमोल ठेव्याची दखल कोण घेणार?' असा सवाल टाकला आणि समाधानाने जेवायला बसलो.

दखल आठ दिवसांत घेतली गेली. सरकारदरबारी आठ दिवसांत झालेलं मी पाहिलेलं हे एकच काम. जीप आली, टेप आली, साहेब आले. थाळी उतरवली, पोत्यात बांधली आणि गडावरच्या नव्या संग्रहालयासाठी नेली. आम्हाला पावती मिळाली: 'धातूची थाळी, गोल, एक नग.' चार राजवटी आणि दोन वेढे, सगळे मिळून एक नग.

तेव्हा किसनरावांनी साहेबांना एकच प्रश्न विचारला होता. "साहेब, तिथं गेल्यावर वाजवता येईन नं हिले?"

साहेब हसले. म्हणाले, "तुमचीच आहे ती. केव्हाही या, मुलांना घेऊन या, पाहा."

एवढ्या शब्दावर हा माणूस एकोणीस वर्षं थांबलाय. त्यांना संग्रहालयाच्या दारात मुलांना उभं करून त्या थाळीवर सुट्टीचा एक टोला द्यायचा होता. एकच. मी त्यांना म्हणालो होतो, "किसनराव, रविवारी एकटे जा आणि पाहून या."

तर मला म्हणतात कसे, "पाहाले काय जाऊ, गुरुजी? ते काई पाहाची चीज नोहे. अन् एकल्यानं वाजवू म्हन्लं, तं लेकरंच नसतीन तिथं. मंग सुट्टी कोनाले देऊ?"

अशी बिनतोड गोष्ट या व्यासपीठावर कोणी बोललेलं मला आठवत नाही. माझ्यासकट.

आता आपल्या गाजलेल्या क्षेत्रभेटीकडे वळू. केंद्रप्रमुख साहेब, घड्याळ पाहू नका; गाडी फाट्यावर वळते तेव्हा हॉर्न ऐकू येतो, आणि किसनरावांच्या मांडीवर नवं घड्याळही आहे.

मुलांना संग्रहालय दाखवायचं ठरलं. सहल एसटीनेच न्यायची, असा दंडक. खास गाडी मिळायला दोन शाळांची मुलं एकत्र करावी लागतात, आणि शेजारच्या शाळेचं आपल्याशी कबड्डीच्या सामन्यापासून बोलणं बंद आहे. राहिली बाजाराची गाडी. अंजनगडाखालच्या गावाचा बाजार सोमवारी. तेवढ्या दिवशी सकाळी गाडी तिथून निघते, आपल्या फाट्यावर वळते, अकराला परत जाते आणि संध्याकाळी आणून सोडते. तेव्हा सहल सोमवारी. आणि संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी?

बघा, सगळी मुलं एका सुरात ओरडली. कविता गेली, पण सूर अजून आहे.

पहिल्या वर्षी आम्ही गड चढून गेलो. दाराला कुलूप, बाजूला पाटी: सोमवार बंद. उत्तमराव सर तेव्हा सहलप्रमुख होते. ते म्हणाले, "आता आलोच आहोत तर एक फोटो काढून घेऊ." मला वाटतं, हे वाक्य शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवून घ्यावं. फोटोत कुलूप येऊ नये म्हणून सर बरोबर कुलपापुढे उभे राहिले. पुढे दारं रंगली, कुलूप बदललं, सर मुख्याध्यापक झाले. उभं राहायची जागा मात्र तीच आहे. परवा पुरस्कारासाठी एकोणीसही फोटो रांगेने लावले, तर असं वाटतं की मुलं येतात-जातात आणि सर त्या गडाबरोबरच बांधलेले आहेत.

हसा, सर, हसा. तुम्हाला हसताना पाहून बरं वाटतं. कारण यापुढची चूक माझी आहे.

सहलीनंतर निबंध हवा. मुलांनी पाहिलं होतं काय? कुलूप. मग मानद मार्गदर्शक या नात्याने मी फळ्याशी गेलो आणि लिहून दिलं, 'संग्रहालयात प्रवेश करताच आमचे डोळे दिपून गेले.' मुलांनी उतरवून घेतलं. पहिल्या वर्षी मी आत तीन तलवारी ठेवल्या होत्या. दुसऱ्या वर्षी तीनच कशा राहतील? ढाली आल्या. पाचव्या वर्षी तोफ आली. आठव्या वर्षी राणीची पालखी आली, तिचे गोंडे मी स्वतः निवडले, डाळिंबी. आणि बाराव्या वर्षी, पावसाळी हवेत मन भरून आलं असताना, मी आत हत्तीचा हौदा नेऊन ठेवला. चांदीचा. त्या हौद्याबद्दल शेवटी मला मुलांशी थोडं बोलायचं आहे.

कोणी हटकलं नाही. एका तपासणीत वरच्या साहेबांनी एका मुलाला विचारलं, "बाळ, तुला सगळ्यात काय आवडलं?" तो ताठ उभा राहून म्हणाला, "हौदा!" साहेब म्हणाले, "वा! निरीक्षणशक्ती चांगली आहे." तिथूनच बहुधा या पुरस्काराची सुरुवात झाली.

तुम्ही म्हणाल, सुट्टीचा वार बदलून का मागितला नाही? मागितला ना! उत्तमराव सरांनी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं, ते माझ्या खिशात आहे, वाचतो. 'अभ्यागत नोंदवहीचे अवलोकन केले असता सोमवारी एकाही अभ्यागताची नोंद आढळून येत नाही. सबब, सोमवारी संग्रहालय खुले ठेवण्याची मागणी असल्याचे दिसून येत नाही.'

सोमवारी नोंदवही कुलपाच्या आत असते. आम्ही कुलपाच्या बाहेर. नोंद करणार कशी? लोक सोळा सोमवारांचं व्रत धरतात, देव सोळाव्याला उठून येतो. आम्ही एकोणीस सोमवार केले. दरवेळी डोंगर चढलो, उन्हात उभे राहिलो, बंद दारापुढे हात जोडून फोटो काढला. फळ मिळालं, नाही असं नाही. ते उत्तमराव सरांच्या हातात आहे, लाकडी चौकटीत.

आणि एकोणीसही सोमवार किसनराव आमच्याबरोबर होते. एका हातात मुलांच्या पाण्याची कॅन, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत काय? मोगरी. दर सहलीच्या आदल्या दिवशी तिला नवी चिंधी गुंडाळायची. मघाशी पंचफुलाबाई मला सांगत होत्या, "गुरुजी, माह्यं एक जुनं लुगडं सारं त्या मोगरीतच गेलं. मी म्हन्लं, अहो, दार तं उघडत नाई, चिंधी कायले बदलता? तं म्हनते, उघडलं अन् चिंधी मळकी असली तं?"

दाराशी गेलं की मुलं फोटोला उभी राहायची आणि किसनराव दाराला कान लावायचे. मी एकदा विचारलं, काय ऐकता?

"हाये आतमंधी," म्हणाले.

पंधरा दिवसांपूर्वी आपण यंदाची, म्हणजे एकोणिसावी सहल नेली. पुरस्कारासाठी शाळेची निवड झालेली, म्हणून थाट निराळा. आता फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात. म्हणजे आपण संग्रहालयापाशी होतो, हे उपग्रहालाही मान्य. आत होतो की बाहेर, तेवढं त्याला कळत नाही. उत्तमराव सरांनी त्रेचाळीस मुलं ओळीने उभी केली आणि म्हणाले, "हसा. आत जाऊन आल्यासारखं हसा."

सहावीतली आपली छकुली आहे ना, ती तिसऱ्या ओळीतली, वेणीला पिवळी रिबीन. ती म्हणाली, "सर, आत जाऊन आल्यावर कसं हासतेत?"

सर म्हणाले, "छकुली, जास्त बोलू नको."

"नाई, म्हंजे मले माईत नाई म्हून इचारलं."

आम्हालाही माहीत नव्हतं. फोटो निघाला. मग सरांनी बोलावलं तरी ही पोरगी दाराच्या पायरीवर उकिडवी बसून वहीत काही लिहीत होती. किसनराव बाजूला उभे, दाराला कान लावून. त्या दिवशी ते जास्तच वेळ थांबले. त्यांचा तो शेवटचा सोमवार होता, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही दोघंही हवापाण्याबद्दल बोलत गड उतरलो.

दुसऱ्या दिवशी निबंध तपासायला मला बसवलं. बेचाळीस निबंधांत डोळे दिपून गेले होते. त्रेचाळिसावा छकुलीचा. तिच्या वहीचं एक पान फाडलेलं, आणि पुढच्या पानावर लिहिलेलं मी इथं जसंच्या तसं म्हणतो, मला पाठ झालंय: 'आम्ही संग्रहालयाला गेलो. मी कुलूप पाहिले. ते पितळी होते. त्यावर एक मुंगी चढत होती. ती किल्लीच्या भोकातून आत गेली. आमच्यापैकी ती एकटीच आत गेली. किसनकाका बाहेरच राहिले.'

मी दहापैकी दहा दिले. पन्नास-साठ वर्षांत असे दिले नव्हते; कवितेला साडेनवाच्या वर मी जात नसे. उत्तमराव सर मात्र रागावले. "पान का फाडलं? वहीची पानं फाडायची नाहीत, हे किती वेळा सांगायचं?" पोरगी म्हणाली, "फाटलं, सर."

त्या निबंधानंतर मला झोपताना मुंगी दिसायला लागली. म्हटलं, आपण लेख लिहून थाळी घालवली, आता अर्ज लिहून एक टोला तरी मिळवावा. लिहिला. 'श्री. किसनराव हे या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होत असून, शाळेच्या मुलांसमक्ष त्यांना सदर थाळीवर एक टोला देण्याची परवानगी मिळावी.' शेवटी न राहवून दोन ओळीही जोडल्या, भुजंगप्रयातात:

अरे काशिया, बोल रे एक बोल,
तुझ्यावीण ही पाठशाळा अबोल.

वृत्त चोख आहे, मोजून पाहा. पण वृत्ताला कोण भितो? उत्तर आलं, 'विषयांकित वस्तू संरक्षित असल्याने तिच्यावर आघात करण्यास परवानगी देता येत नाही. वस्तू कामकाजाच्या दिवशी पाहता येईल. सोबत जोडलेला मजकूर विषयाशी संबंधित नसल्याने परत करण्यात येत आहे.'

ते पत्र मी किसनरावांना निंबाखाली बसून वाचून दाखवलं. तीनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "आघात म्हंजे काय, गुरुजी?"

म्हटलं, मारणं.

मग म्हणाले, "मी कधी मारलं तिले? या शाळंत अडतीस वर्सात एका लेकरावर हात नाई उचलला मी. तिले मारीन?"

पाहा, दहा मिनिटं झाली आणि डोळे भरलेच. मघाशी म्हणालो होतो.

तर किसनराव, एकोणीस वर्षं तुम्ही थाळीसह काढली, एकोणीस वर्षं थाळीविना. तुमचा टोला मी तुम्हाला मिळवून देऊ शकलो नाही. ज्याने लेख लिहिला त्याला अर्ज लिहिता आला नाही. आज साडेअकराला शेवटची घंटा तुम्हीच द्यायची आहे. वीज आली तर बटण दाबून, नाही तर मुलांना हाताने 'जा' म्हणून. तुमच्या स्टुलाखाली ती कापडी पिशवी मला इथून दिसतेय. आजही आणलीत. आज तर संग्रहालयाचं ते बंद दारही समोर नाही.

आता आभार. संस्थेने मला बोलू दिलं, अध्यक्षांनी थांबवलं नाही, पाहुणे गाडीच्या वेळेपर्यंत टिकले, मुलांनी जांभया हातामागे दिल्या, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. आणि बोलण्याच्या ओघात कोणाला लागेलसं काही...

दाराशी कोण उभं आहे? या, बाई, आत या. चपला असू द्या. उत्तमराव सर, तुमच्या ओळखीच्या आहेत का? नाहीत? पंजाबरावजी, तुमच्याकडच्या? केंद्रप्रमुख साहेब? कोणीच ओळखत नाही. बाई, पेढ्यांचा डबा पोचलाय, त्याचं असेल तर... नाही? मग इकडे या. माईक घ्या हातात, मागच्यांना ऐकू येऊ दे. मी धरतो, तुम्ही बोला.

"मी रेणुका. अंजनगडच्या संग्रहालयात परिचर हाये. चार महिने झाले लागून."

ऐकलंत ना, मंडळी? एकोणीस वर्षं आपण यांच्याकडे जातोय आणि सभागृहात यांना ओळखणारा एक माणूस नाही! कसा असेल? यांची सुट्टी सोमवारची. आजही सोमवारच आहे. बोला, बाई.

"मंगळवारी दार उघडलं तं खाली हे पान पडलं होतं. वहीचं."

छकुली, उठून उभी राहायची गरज नाही. बस. उत्तमराव सर, तुम्हीही बसा. पान माझ्याकडे द्या, बाई, मीच वाचतो. हे अक्षर मी ओळखतो. 'दाराच्या आतल्या काकांना किंवा मावशींना. आमच्या कोलदरीच्या शाळेचे किसनकाका महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होणार आहेत. त्यांना एक टोला द्यायचा आहे. आम्ही पण ऐकणार आहोत. तुम्ही सोमवारी नसता. आम्ही सोमवारीच असतो. काहीतरी करा. ताजा कलम: हौदा खरंच आहे का?'

...एक मिनिट. चष्मा पुसतो.

बाई म्हणताहेत, ते मी सगळ्यांना सांगतो, कारण त्या माईकपासून लांब सरकल्या आहेत. म्हणताहेत, आज सोमवार, संग्रहालय बंद. अभ्यागतांना प्रवेश नाही. पण वस्तू पुसण्या-झटकण्यासाठी परिचराला दार उघडावं लागतं, तो नियम आहे. काशाची जुनी वस्तू पुसताना कधी कधी आवाज होतो. तो कुठे नोंदवावा, असा रकाना त्यांच्या वहीत नाही. किल्ली त्यांच्याजवळ आहे. सकाळच्या बाजाराच्या गाडीने त्या आल्या आणि तीच गाडी अकराला परत निघेल.

ऐका! वाजला हॉर्न.

उत्तमराव सर, तुमचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. बाई मान हलवताहेत. फोटो नाही, अहवाल नाही, अक्षांश नाहीत, रेखांश नाहीत. आज तिथं कोणी आलंच नव्हतं, असं ठरलंय. पंजाबरावजी काही म्हणताहेत... "जाऊ द्या बे लेकराइले!" बघा, अध्यक्षीय भाषण झालंसुद्धा. इतकं सुरेख अध्यक्षीय भाषण मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

पंचफुलाबाई, डोळे मागाहून पुसा, आधी चिंधी पाहा, मळकी तर नाही ना? किसनराव, उठा. घड्याळ राहू द्या इथंच. पिशवी घ्या.

सर्वांना मनापासून नमस्कार. माझ्या बोलण्यात जे कमी-जास्त झालं असेल ते या म्हाताऱ्याच्या वयावर घाला. आणि मुलांनो, आत गेल्यावर डोळे उघडे ठेवून जे असेल ते पाहा. नसेल ते शोधू नका. चांदीचा हौदा तिथं नाही. तो मी ठेवला होता. तेवढ्याची मात्र मला तुमच्याकडून वेगळी माफी हवी आहे, ती गाडीत बसल्यावर द्या.